मुद्दाम चुकायची तपासणी

३ मे

जिवंत आहे! कॉर्नरचा बॉल पकडायला उडी मारली आणि त्यांच्या स्ट्रायकरचा गुडघा सणसणीत कानशिलावर बसला. 'ठीक आहे' म्हणत उठलो, पुढे खेळलो. सामना बरोबरीत सुटला म्हणे. 'म्हणे' — कारण उत्तरार्धातलं मला काहीच आठवत नाही. कुणाला बोललो नाही. शेवटचा सामना जिंकलो तरच आम्ही वरच्या लीगमध्ये टिकतो. नाहीतर घसरलो खाली. आणि माझ्या वयाच्या गोलकीपरला तिथून परत वर कोण घेतंय?

४ मे

डोकं ठणकतंय. उद्या टीमचे डॉक्टर तपासणार. ऐकलेले शब्द परत सांगायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. मोसमाआधीही हेच घेतात, आणि मार लागला की तेव्हाच्या गुणांशी ताडून बघतात. म्हणून तेव्हा आम्ही सगळे मुद्दाम चुकतो! कॅप्टन नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो — आत्ता जरा मठ्ठ व्हा, पुढे कामी येतं. मी तर महिने म्हणताना एप्रिल गाळूनच टाकला होता. वर डुलत उभा राहिलो.

तेव्हा उद्याची चिंता नाही. तरी मघापासून महिने उलटे म्हणून बघतोय.

५ मे

पास.

जीव तोडून प्रयत्न केला. एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही. तरी गुण तेवढेच आले, जेवढे तेव्हा ढोंग करून आले होते. डॉक्टर खूश — अगदी होतास तसाच आहेस! करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

७ मे

लेकीने मोज्यांचा बोळा करून फेकला. डावीकडून आला, गालावर आपटेपर्यंत दिसलाच नाही. तिने पुन्हा फेकला. पुन्हा तेच. बाबा मुद्दाम सोडतात म्हणून खिदळत सुटली. बायको हसली नाही.

८ मे

बायकोने स्वयंपाकघरात गाठलं. सगळं ओकून टाकलं, ढोंगासकट. वाटलं आदळआपट करेल, पण ती मटकन फरशीवरच बसली. मी म्हटलं, टीम खाली गेली तर कितीजणांच्या नोकऱ्या जातील, कपडे धुणाऱ्या मावशींपासून.

"सोन्याची सुरी झाली म्हणून पोटात खुपसून घ्यायची का? उद्या डॉक्टरांना खरं सांग. नाहीतर मी सांगते."

भीती वाटते. खेळायची वाटते, न खेळायची त्याहून जास्त. तिला हे कसं सांगू?

९ मे

सांगितलं. डॉक्टर उठले, दार लावून घेतलं.

"ढोंग करतोयस ते मला मोसमाआधीच कळलं होतं. म्हणून तर त्या दिवशी दुसऱ्यांदा तपासलं नाही, नाहीतर तुला बसवावं लागलं असतं."

पाठीवर थाप मारली. उद्या गोलमध्ये मीच. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर पायरीवर बसून राहिलो.

१० मे

बायकोला सांगितलं, डॉक्टरांनी बसवलंय मला, आज नुसता बाकावर. लेकीला कवटाळून रडली बिचारी. निघताना म्हटलं, मीच नाही तर सामना कशाला बघायचा? टीव्ही लावू नका.