गुरुवारच्या सह्या

३ ऑक्टोबर २०१९, गुरुवार
दोहा आवडलं बुवा! नजमा भागातल्या खोलीत आम्ही चौघं, खाली कॅफेटेरियात 'करक', म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणि जिकडे बघावं तिकडे वर्ल्ड कपची बांधकामं. मी सेफ्टी ऑफिसर झालोय हे घरी अजून कुणाला खरं वाटत नाही. अल रय्यानच्या साइटवर जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक, टायर रोज पहाटे बघायचे आणि फॉर्मवर सही करायची, एवढंच काम. मॅनेजर राजाभाऊ आपल्या नाशिकचेच. नोकरी त्यांनी दिली, माझ्या बायकोचा, नमिताचा व्हिसाही तेच काढून देणार आहेत. पहाटे ड्रायव्हर खोळंबतात, म्हणून पुढच्या आठवड्याच्या कोऱ्या फॉर्मांवर गुरुवारीच सह्या करून ठेवायची इथली पद्धत. तीस सह्या दहा मिनिटांत उरकल्या. माझ्यासारख्या आळशाला आणखी काय हवं!

१३ ऑक्टोबर, रविवार
पिकअपवरचा ड्रायव्हर दिलावर आज माझ्यापाशी मन मोकळं करून गेला. दिवसाला अठरा तास गाडी चालवायला लावतात, लेबर ऑफिसात तक्रार करणार म्हणाला. चहा पिताना मी राजाभाऊंना सहज सांगितलं. आपल्या माणसापासून काय लपवायचं? ते नुसते हसले.

१६ ऑक्टोबर
दिलावर गेला. ब्रेक लागले नाहीत, गाडी सरळ ट्रेलरखाली. पोलिसांनी कागद मागितले. फॉर्मवर आजची तारीख, 'ब्रेक ठीक', खाली माझी सही. मी ती गाडी पाहिलीही नव्हती. राजाभाऊ म्हणाले, कागद चोख आहेत, घाबरू नकोस. मला रडू आलं. आणि सांगायला लाज वाटते, हायसंही वाटलं.

२१ ऑक्टोबर
मेकॅनिक हाफिजने मला बाजूला घेतलं. दिलावरच्या गाडीची ब्रेकची नळी फुटलेली नाही, कापलेली आहे म्हणाला. पोलिसांत जाऊ, तूही चल म्हणाला. पण सही माझी! नमिताचा व्हिसा याच आठवड्यात व्हायचाय. काय करू, असं मी राजाभाऊंनाच विचारलं. हाफिजचं नाव घ्यायला नको होतं. घेतलं.

२३ ऑक्टोबर
हाफिजही. गॅरेजची व्हॅन, तसेच ब्रेक, तशीच माझी सही. दोघांची नावं मीच पोचवली. राजाभाऊ म्हणाले, पोलिसांत गेलास तर आधी तूच आत जाशील. मग नमिताचा व्हिसा हातात ठेवला. मी 'थँक्यू' म्हणालो. जीभ झडली कशी नाही माझी!

२४ ऑक्टोबर, गुरुवार
आज नाही म्हणणार होतो. तीस फॉर्म पुढे आले. केल्या सह्या.

२८ ऑक्टोबर, पाडवा
आज नमिता येणार. सकाळी ती निघण्याआधी तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी उतरले की आधी पोलिसांत जाऊ, मग घरी. बोललो ते ऑफिसच्या फोनवरून— अक्कल कुठे गेली होती?
दुपारी विमानतळाला निघालो, तर राजाभाऊंचा निरोप. सूनबाईंना आणायला गाडी केव्हाच गेली, तू ऑफिसातच थांब.
टेबलावर फॉर्म. प्रवासी, नमिता. ब्रेक ठीक. सही—
माझीच.
फोन लावतोय. वाजतोय. पोलिसांना आधी लावू की— नाही, उचल, नमिता, गाडीत बसू नको, उचल गं—
उचलला. गाडीचा आवाज येतोय. ती हसतेय, म्हणते ड्रायव्हर किती जोरात—