गावकूस नसलेल्या वसाहतीचे नकाशे

मी, सरोजिनी दशरथ ओव्हाळ, वय बासष्ट, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे, डोक्यापर्यंत नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणू पाहणारे होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित मालकीचा आहे. तो व बँकेत जे उरेल ते मुलगा समाधान यास मिळावे.

२. माझे रंग, कुंचले व कंपासपेटी भाची अपेक्षा हिने घ्यावी. शोकेसमध्ये ठेवायची असेल तर घेऊ नये.

३. माझी मुलगी कालकथित मैत्री हिने काढलेले अंतराळ वसाहतीचे सर्व मूळ नकाशे तिची एकमेव वारस म्हणून माझ्या मालकीचे आहेत. ते काय आहेत हे लिहिणे भाग आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते उघडून पाहिलेले नाहीत.

मैत्री १९९९ साली वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाला होती. परदेशातील एका स्पर्धेसाठी दहा हजार माणसांनी अंतराळात कायमचे राहावे अशी वसाहत तिला आखायची होती. तिने वारुळे पाहिली, मधमाश्यांची रिकामी पोळी आणली, कमळाचे देठ चिरले. शेवटी हाती लागले ते आमच्या न्हाणीतले अंग घासायचे वाळके घोसाळे. ते आडवे कापून तिने खिडकीशी धरले.

"आई, याला मुख्य रस्ताच नाही बघ. कुठूनही कुठेही जाता येतं. एक धागा तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात."

माझे यजमान खडकीच्या कारखान्यात फिटर होते. त्यांचे बालपण गावाबाहेरच्या वस्तीत गेले. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "पोरी, यात गावकूस कुठंय?"

"नाही ठेवलं, बाबा."

"मग आपण राहायचं कुठं?"

ते हसले. मैत्री हसली नाही. तिने सगळे पुन्हा आखायला घेतले आणि प्रत्येक घराला सारखा उजेड, सारखी हवा मिळेपर्यंत हात थांबवला नाही. स्पर्धेत तिचा जोडीदार होता वर्गमित्र श्यामसुंदर. त्याने अक्षरे सुबक काढली. आराखडा दुसरा आला.

पुढे यजमान वारले. घर चालवायला मैत्री एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. अमेरिकेतल्या दुकानांचे पार्किंग आखायची. २००३ साली सकाळी कामावर जाताना कंपनीच्या जीपला डंपरने ठोकले. ती पंचवीस वर्षांची होती. कंपनीने पुष्पचक्र पाठवले, त्यावर नाव चुकले होते.

४. श्यामसुंदर याचे आडनाव लिहीत नाही. हिंजवडीच्या रस्त्यावरील फलकांवर ते पुरेसे मोठे आहे. आयटीवाल्यांसाठी तो जी वसाहत बांधतो आहे तिच्या भिंतींना घोसाळ्याची जाळी आहे, आणि विक्री कार्यालयात पाटी आहे : "मैत्री ओव्हाळ यांच्या अंतराळ वसाहतीवरून प्रेरित." समाधान तिथेच विक्री व्यवस्थापक आहे. त्यानेच मला हौसेने नेले. प्रतिकृतीत तळाला बिनखिडक्यांचा एक थर दिसला. मी विचारले, हे काय?

"सर्व्हंट क्वार्टर्स, काकू," श्यामसुंदर म्हणाला. "त्यांना गेट वेगळं, लिफ्ट वेगळी. कस्टमरला तसंच लागतं."

"मैत्रीच्या नकाशात वेगळं दार नव्हतं."

"अहो काकू, तिची वसाहत अंतराळात होती. मला पुण्यात विकायची आहे."

समाधान शेजारीच उभा होता. 

नंतर मी रुग्णालयात असताना तो संमतीचा कागद घेऊन आला. मूळ नकाशे व नावाचा कायम हक्क श्यामसुंदरला हवा होता.

"सही कर, आई. ताईचं नाव मोठं होतंय."

"कशावर लागलंय ते पाहिलंस ना?"

"ताई गेली, आई. मला तिथं नोकरी करायची आहे. मी आहे ना अजून?"

त्याचा चेहरा हुबेहूब वडिलांसारखा दिसत होता. मी म्हटले, "आहेस. म्हणून तर घर तुला." सही केली नाही. त्यानंतर तो आलेला नाही.

सबब, नकाशे समाधान अथवा श्यामसुंदर यांना देऊ नयेत. मैत्रीच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावेत. कोणत्याही विद्यार्थ्याला नक्कल करू द्यावी. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक अ‍ॅड. भाग्यश्री कांबळे यांनी नोटीस देऊन ती पाटी उतरवावी. मुलीचे नाव विस्मरणात गेले तरी चालेल, त्या थरावर नको.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. अग्नी समाधानने द्यावा. तो आला नाही तर फार वेळ थांबू नये.

६. समाधान या मृत्युपत्रास आव्हान देईल, असे भाग्यश्रीबाईंचे मत आहे. खुशाल द्यावे. त्या निमित्ताने नकाशे न्यायालयात उघडावे लागतील, आणि त्यालाही ते पहिल्यांदा नीट पाहावे लागतील.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

सरोजिनी दशरथ ओव्हाळ

साक्षीदार : १. रामदास विठोबा शेलार, शेजारी
२. सुंदराबाई किसन गवळी, निवृत्त परिचारिका
(आम्ही दोघांनी व लिहिणाऱ्या बाईंनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.)

पुणे, ११ जुलै २००७