आपोआप चालणारा कारखाना

८ जानेवारी, सोमवार
नवं वर्ष, नवी वही, नवा मी.
नागोयाचं उत्पादन-व्यवस्थापनाचं शिबिर आटोपून साबाएला परतलो. तिथल्या सरांचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. उत्तम मॅनेजर तोच, ज्याच्यावाचून कारखान्याचं काही अडत नाही. अहो, मला हेच तर हवंय! कुसाकाबेंचा घरजावई झालो, आडनावसुद्धा त्यांचं लावलं आणि तेव्हापासून त्यांच्या चष्म्याच्या फ्रेमच्या कारखान्यात अडकून पडलोय. सासरेबुवा मालक. मी मॅनेजर, म्हणजे फोन उचलणारा.
योजना : एप्रिलच्या आत कारखाना आपोआप चालायला लागला पाहिजे. मग सासरेबुवांना वाकून नमस्कार आणि बायकोला, युकिनोला घेऊन थेट ओसाका. तात्सुमीने त्याच्या कंपनीत विक्रीची एक जागा तोवर धरून ठेवलीय. जुना मित्र आहे, थांबेल.
युकिनोला अजून सांगितलेलं नाही. शिबिरात शिकवलंच आहे. लागेल तेव्हाच, लागेल तेवढंच.

१५ जानेवारी
साठा हा रोग आहे (इति सर). गोदामातले स्क्रू आणि बिजागऱ्या होरिएंच्या वर्कशॉपला परत पाठवल्या. होरिए म्हातारे आहेत, त्यांनाही नीट समजावून सांगितलं. यापुढे रोज सकाळी ट्रक आणि त्या दिवसापुरता माल. रिकाम्या फळ्या बघून ऊर भरून आला.
सासरेबुवा गोदामाच्या दारात बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, भिंतींना रंग काढायचाय का?"
जुनी पिढी.

२३ जानेवारी
बॉटलनेक, म्हणजे काम तुंबतं ती जागा, सापडला! पॉलिश. इवासाकी काकूंच्या टेबलापुढे फ्रेमचा हा ढीग. स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या पाठीशी उभा राहिलो. जेवणानंतर त्या म्हणाल्या, "नुसता उभाच आहेस तर जरा खांदे चेप बाबा."
चेपले. माझ्या नोंदी सगळ्या बिघडल्या. पण काकूंचा वेग वाढला, हे मान्य करावं लागेल.

३१ जानेवारी
कार्ड पद्धत सुरू. पुढच्याने कार्ड पाठवून मागितल्याशिवाय मागच्याने काहीही बनवायचं नाही.
आज कुणीच कुणाकडे काही मागितलं नाही. प्रेसवाले संत्री सोलत बसले होते. कारखान्यात एवढी शांतता की बाहेरचा कावळा स्पष्ट ऐकू आला. सुरुवातीला असं होतंच.
तात्सुमीचा फोन. जवळजवळ झालंच, म्हणून सांगितलं.

६ फेब्रुवारी
बर्फ. कमरेपर्यंत. ट्रक नाही.
अख्ख्या कारखान्यात एक स्क्रू नाही. तोक्योच्या गिऱ्हाइकाचा माल रस्ते उघडताक्षणी निघायला हवा आणि इथे फ्रेम एकीकडे, काड्या दुसरीकडे. हे गिऱ्हाईक गेलं तर पॉलिशच्या सगळ्या बायकांना कामावर ठेवता येणार नाही, असं सासरेबुवा म्हणाले. आवाज न चढवता. म्हणूनच जास्त लागलं.
मी म्हटलं, हे आधी कुणाला कळणार होतं? त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "फुकुईत फेब्रुवारीत बर्फ पडतो, हे नागोयात शिकवत नाहीत वाटतं."

७ फेब्रुवारी
पाठीला पिशवी बांधून होरिएंकडे पायी गेलो. एरवी पंधरा-वीस मिनिटांची वाट, आज सगळी सकाळ गेली. एक बूट वाटेत बर्फात राहिला. दारात माफीसाठी वाकून उभा राहिलो.
होरिए म्हणाले, "रोग न्यायला आलास होय?" मग पोटभर हसले. पिशवी भरून स्क्रू दिले, वर चहा आणि कोरडे मोजे.
परतल्यावर सगळेच स्क्रू बसवायला बसलो. सासरेबुवा, काकू, प्रेसवाले, युकिनो. मीसुद्धा. तात्पुरता.

१० फेब्रुवारी
माल गेला. कुणाची नोकरी गेली नाही. काकूंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला. बहुधा कौतुकाचा.
गोदाम पुन्हा भरायला घेतलंय. थोडंसंच.

२ मार्च
बॉटलनेक हलला! पॉलिशवरून आता स्क्रूच्या टेबलावर आलाय. त्या टेबलावर मी बसतो.
काकू म्हणतात, माझा हात बसलाय. सासरेबुवांनी खुर्ची माझ्या मापाची करून आणली. नको म्हणणार होतो, पण पाठीला फार बरं वाटलं. फोन घ्यायला उठवत नाही. ते युकिनो बघते.

१९ मार्च
उद्या युकिनोशी ओसाकाचं बोलायचं. नक्की.

२० मार्च
बोललो नाही. ती घाईत दिसली.

२४ मार्च
युकिनोच बोलली. तात्सुमीचा फोन आला होता, पुन्हा पुन्हा. मी उठत नव्हतो म्हणून तिने घेतला. ती जागा मला मिळेल का, असं तिने त्यालाच विचारलं. मला म्हणजे तिला. मुलाखत झाली. नोकरी मिळाली.
कॉलेज संपल्यापासून बाबांच्या ऑफिसात जीव कसा गुदमरत होता, ते तिने एका दमात सांगितलं. मला वाटायचं, इथे अडकलेला मी एकटाच.
"तूही चल," म्हणाली. मनापासून म्हणाली. मी म्हणालो, येतोच, फक्त मे महिन्याचा माल एकदा गेला की.
सासरेबुवांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जा पोरी, खुशाल जा. हा आहे ना इथे."

१ एप्रिल, रविवार
युकिनोला गाडीत बसवून आलो. गाडी अगदी वेळेवर सुटली.
सासरेबुवा आणि मी चालत घरी. घरी आल्यावर त्यांनी तांदळाचा डबा उघडला आणि दोघांना भात किती लावायचा, असं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. दोघेही डब्यापाशी तसेच उभे.
शेवटी बाहेरून सोबा नूडल्स मागवल्या. त्यावरचा किसलेला मुळा भलताच तिखट निघाला. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.