मनगटावरचे दात

८ फेब्रु.
कबनूरला स्नेहलचा, चुलतबहिणीचा चुडा. हॉलात डीजे, अत्तर, तुपाचा वास, सगळ्या बायका एकदम बोलत. कानात बोळे घालून बसले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेत, ऑटिझम कळल्यापासून. आत्तीनं उपटले. "म्हातारी हैस व्हय?" मग कासारणीनं हात धरला, दाबून. सुटेना. कुठला आवाज कुठला कळेना. दुसरं मनगट तोंडात गेलं. दात.
आत्ती ओरडली, "अगं, कुत्र्यागत स्वतःलाच चावतीया की!" आणि मोबाइल वर धरला.
किळस आली. मनगटाची नाही. तिच्या चेहऱ्यावरच्या मजेची.

९ फेब्रु.
नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ. आत्तीनं खाली लिहिलंय, "काळजीपोटी टाकलंय." त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. काळजीपोटी! थुंकावंसं वाटतं या शब्दावर.
डेअरीच्या लॅबमध्ये पूर्ण बाहीचा ड्रेस. दिवसभर दुधाचे नमुने. कुणी बोललं नाही. बरं वाटलं.

१२ फेब्रु.
आईनं इथल्या एका डॉक्टरांकडे नेलं. पुण्याचा रिपोर्ट त्यांनी उघडलाही नाही. "नोकरी करता, नीट बोलता की. लक्ष वेधायचा प्रकार हा. लग्न झालं की..."
लक्ष! ज्या क्षणी साऱ्या जगानं डोळे मिटावेत असं वाटतं, नेमकं तेव्हा?
रिक्षात आई रडली. हात जवळ आणला, मागे घेतला.

१५ फेब्रु.
आत्ती आली, माझ्यासाठी शिरोळचं स्थळ घेऊन. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं, म्हणून ताटावरच विषय. "मेंदी दाट काढू. वण दिसत न्हाईत."
मेंदीच्या वासानं मला उलटी होते. लहानपणापासून सांगतेय.
"थेरं हाईत."
आई वाढत राहिली. मला आईचीही किळस आली. लिहून टाकलं. असो.

१६ फेब्रु.
भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, आईनं विचारलं, "चावतीस तवा काय हुतं गं तुला?"
वाक्यं जुळेनात. सगळं एकदम आत शिरतं. मी कुठं संपते कळत नाही. चावलं की एकच जागा उरते, तिथं मी असते. मरायचं नसतं. नंतर दुखतं, लाज वाटते. मलाही नकोय ते.
"मग आमी काय करायचं?"
"धरू नका. आवाज बंद करा. गप बाहेर न्या."
"एवढंच व्हय?"
तोंड वाकडं झालं तिचं. रडू की राग? मला कळत नाहीत चेहरे.

२० फेब्रु.
उद्या स्नेहलचं लग्न. आई म्हणते चल, शेजारी बसते, कुणाला हात लावू देणार न्हाय. म्हटलं, आधी आत्तीला ग्रुपवरचा तो व्हिडिओ काढून टाकायला सांग.
"नणंद हाय ती माझी. लग्नापुरतं..."
"तू बघितलास?"
"एकदाच. आवाज बंद करून."
"आवाज लावून बघ."
मी गॅलरीत आले. आतून डीजे ऐकू आला, बायकांचा गलका, आत्तीचं ओरडणं. थांबला. परत पहिल्यापासून लागला. आता शांत आहे. आई अजून बाहेर आलेली नाही.