शहाण्या बाळाची झोप

प्रिय थोरले,

दवाखान्याच्या बाकावर बसून, आपल्या औषधांच्या दुकानाचं पॅड मांडीवर घेऊन लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. समोरच्या बंद दारामागे धाकटीचं बाळ आहे, अकरा दिवसांचं. सकाळी उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर ते रडलं. पण मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलंय की उताऱ्याचा जोर लवकर ओसरतो आणि अंगातलं औषध मागे रेंगाळतं; उद्या सकाळपर्यंत कुणीही निर्धास्त व्हायचं नाही. दुपारचे तीन वाजलेत. आईने फोनवर तुला 'बाळाला जरा दाखल केलंय' एवढंच सांगितलं, कारण मी तिला तेवढंच सांगू दिलं. बाकीचं आता मी सांगतो.

तुला माहीतच आहे, मी औषधांची नावं वाचायच्या आधी कानाने शिकलो. बाटल्या धुता धुता कंपाउंडर काय पुकारतो ते ऐकायचं आणि पाठ करायचं. आजही गिऱ्हाईक पायरी चढताना खोकलं की कुठली बाटली काढायची ते मला कळतं, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायची माझी हौसही तुला ठाऊक आहे. हाच शहाणपणा नडला. धाकटीचं सिझेरियन झालं. घरी सोडताना दुखण्यावर गोळ्या लिहून दिल्या, त्यात कोडीन, अफूच्या कुळातलं, आणि कागदावर स्पष्ट: दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, टाके अजून ओढतात हो." दुकान आपलं, लेक आपली. मी खिशातून अख्खी पट्टी काढून दिली आणि म्हटलं, "घे बिनधास्त." पाच दिवस ती घेत होती. तिला पेंग यायची. आम्ही म्हणायचो, बाळंतीण आहे, दमलीय. बाळ तर दुधालाही उठेना. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "काय शहाणं बाळ आहे हो! आमच्याकडचं घर डोक्यावर घ्यायचं." आईही हसली. मीही हसलो.

आज सकाळी दाढी करत होतो. नळ बंद केला आणि आतल्या खोलीतून येणारा बाळाचा श्वास ऐकू आला. म्हणजे ऐकू यायचा थांबला. मी मोजायला लागलो. बारा, तेरा, चौदा, मग एक उसासा. पुन्हा काही नाही. असा श्वास मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. कुठे, ते शेवटी सांगतो; तेवढा धीर मला दे. अर्ध्या गालाला साबण तसाच, मी बाळाला उचललं. ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. धाकटीला हाक मारली तर तीही धड जागी होईना. जावयाने गाडी काढली, तिला धरून पुढे बसवलं आणि मी मागच्या सीटवर बाळाच्या तळव्यांना टिचक्या मारत आलो. प्रत्येक टिचकीला त्याने एक श्वास द्यायचा, असा आमचा दोघांचा करार.

डॉक्टरीणबाईंनी बाळाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "आई कुठलं औषध घेते?" मी पट्टी पुढे केली. "हे दोन दिवसांनंतर कुणी दिलं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी." पुढे त्यांनी जे समजावलं ते मला तोंडपाठ होतं गं. तीन वर्षांपूर्वी आपल्या जेवणाच्या टेबलावर तू मीठदाणी आणि चमचे मांडून हेच तर सांगत होतीस. की कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्यातल्या थोड्याचं मॉर्फिन बनवतं. बहुतेकांचं ते बेताने काम करतं, काहींचं भलतंच चपळ असतं, आणि चपळ असलं की साध्या डोसातही मॉर्फिनचा पूर. मग दुसरं एन्झाइम त्या मॉर्फिनला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देतं, म्हणजे ते पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जातं. तू मीठदाणीला चमचा टेकवून म्हणाली होतीस, "ही जोडणी नवजात बाळाच्या यकृतात धड सुरूच झालेली नसते, बाबा. आईच्या दुधातून जे येतं ते आत साठत राहतं. दूध पाजणाऱ्या बाईला हे देत जाऊ नका." आणि मी काय म्हणालो? "म्हणजे बाळाचं यकृत संपावर असतं म्हण की!" टेबलावर सगळे हसले, तू सोडून. वर मी हेही ऐकवलं की तुझ्या औषधशास्त्राच्या पुस्तकातलं यकृत वेगळं आणि गिऱ्हाइकाचं वेगळं. तू चमचे गोळा केलेस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस. तेव्हापासून फोनवर तुझं नुसतं 'हं' येतं. त्या 'हं'मधला राग मला दर वेळी ऐकू आला. मी हवापाण्याचं विचारत राहिलो.

आत्ता आतून काहीतरी ऐकू आलं म्हणून उठलो होतो. यंत्राचा आवाज होता. नर्स म्हणाली, "आजोबा, बसा. सारखं दार ढकलू नका." पुन्हा एक इंजेक्शन द्यावं लागलं. नंतर बाळ कुरकुरलं. रडणं नाही म्हणता येणार. धाकटीचं रक्त तपासणीला गेलंय, चपळ एन्झाइमचं आहे का ते बघायला. मी बाही वर करून माझंही काढून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं कशाला, आजोबा?" मी म्हटलं, "कुणाकडून आलंय ते कळू दे."

काल आईने तुला सांगितलं होतं ना, पुढच्या आठवड्यात तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे तर नीट खा. आज मी सांगतो: भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांग की कोडीन चालणार नाही. तू म्हणशील, बहिणीवरून माझा अंदाज कशाला? बहिणीवरून नाही. तू सहा वर्षांची होतीस. कोरडा खोकला, आई टेलिफोन खात्यात दुपारपाळीवर, आणि मला नवंकोरं दुकान उघडायचं होतं. तू झोपावीस म्हणून मी कोडीनचं सिरप दिलं, एक चमचा पुरला असता तिथे दोन. संध्याकाळी आई आली तर तू उठेनास. तुझ्या छातीला कान लावून मी श्वास मोजत बसलो, तेच अंतर, तोच उसासा. घरी आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "पोरीला काही दिलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." सकाळी तू उठलीस आणि पाणी मागितलंस. पण आजारी लेकराला टाकून आपण कामावर गेलो, असं आईच्या मनाने घेतलं, आणि त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. पोरी झोपल्या की तिचा हात अजून त्यांच्या नाकाशी जातो, ते आपण सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. चौतीस वर्षं मी गप्प बसलो. आज 'मी' म्हणताना जीभ रेटली, म्हणून हे लिहितोय. पत्र बंद केलेलं नाही. आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलीय. हा कागद आता तिच्या हातात देतो. पाकीट चिकटवणं आणि कुरिअरला देणं तिच्यावर. हे तुझ्यापर्यंत पोचलं, तर तिने वाचूनच पाठवलंय असं समज.

दाराशी कान देऊन बसलेला,
तुझाच,
बाबा