पाठीचं माप

१२ मार्च, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? शेक घेताय ना, की नुसतं घेते म्हणून सांगताय? मी बरी आहे. दुकानही बरं चाललंय. मशीनचा पट्टा तुटला होता, तो शेजारच्या घड्याळजींनी बसवून दिला आणि वर म्हणाले, "शिंपीणबाई, एवढं मोठं चाक, पण वेळ काही दाखवत नाही." मी म्हटलं, "तुमची इतकी घड्याळं, एक तरी दुसऱ्याशी जुळतंय का?" तर हसले.

दुपारी ऊन पूर्वीसारखंच कापायच्या टेबलावर येऊन बसतं. कापडाचे तंतू त्यात तरंगत राहतात, खाली म्हणून बसत नाहीत. ह्यांची कात्री उजव्या हाताला आहे तशीच आहे. मी तिला तेल देते, चालवत नाही.

परवा अशाच उन्हात मशीनवर डोकं टेकून माझा डोळा लागला. स्वप्नात हे टेबलापाशी उभे होते, पांढरं कापड पसरून. ते कापड टेबलावरून उतरून दाराबाहेर, रस्त्यावरून लांबवर गेलं होतं, पाणी वाहत जावं तसं. मी विचारलं, "कुणाचं शिवताय?" म्हणाले, "तुझं." मग खडू कानामागे खोचून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पण याचं माप माझ्याकडे नाही गं." रागाने नाही, वन्सं. हसून म्हणाले. जागी झाले तेव्हा गालाला मशीनचा गारवा लागलेला होता.

ह्यांनी माझं माप कधी टेपने घेतलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. नजरेनेच कापायचे आणि अंगात बरोबर बसायचं. तुम्ही चिडवायचात, "सुतळीला माप कशाला, लांबी कळली की झालं." या घरात आले त्या दिवशी तुम्ही मला सुतळी म्हणालात आणि मी मोरीत जाऊन रडले. पुढे तीच हाक ऐकली की घरी आल्यासारखं वाटायला लागलं.

ह्यांच्या डोळ्यांत माझं माप होतं. डोळे मिटले, माप गेलं. कपाटातले सगळे कपडे त्यांच्या हातचे, आता खांद्यावरून ओघळतात. आत घ्यावेत तर त्यांचा टाका उसवायला हात धजत नाही. गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या तिन्ही आरशांपुढे मी उभी राहायचे. तिन्हीकडून कपडे दिसायचे. आत कोण आहे ते दिसायचं नाही. हे मी कुणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही, कारण तुमचा तर भाऊ गेला होता.

भरकटतेय मी. जे लिहायचं ते टाळतेय, हे तुम्ही ओळखलं असेल.

चर्चचे पडदे शिवायचं काम मिळालं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. काम संपल्यावरही मी तिकडे जात राहिले हेही तुमच्या कानावर गेलं. मागच्या भेटीत तुम्ही पाण्याचा पेला पुढे ठेवलात आणि म्हणालात, "भाऊ गेला. आता तू दुसऱ्या दारात बसायला लागलीस. मग आमची तू कोण?" मी पाणी प्यायले आणि निघाले. तेव्हापासून आपलं बोलणं नाही.

त्याचं उत्तर आज लिहून बघते.

त्या दिवशी मी चर्चमध्ये शिडीवर होते, पडद्याचा काठ टाचत. खाली पाळकबाई काही म्हाताऱ्यांना येशूला पुरल्यानंतरची हकीकत वाचून दाखवत होत्या. एक बाई पहाटे थडग्यापाशी रडत उभी आहे. समोर कोणीतरी दिसतं, तिला वाटतं माळी असेल. तो तिला, तू कुणाची कोण, असं काही विचारत नाही. नुसती नावाने हाक मारतो. त्या हाकेसरशी ती त्याला ओळखते, की हा तर येशूच, जिवंत आहे.

माझा हात तसाच राहिला. खिडकीतलं ऊन पडद्यावर हलत होतं आणि मला वाटलं, ती हाक तिच्यापाशी थांबली नाही, शिडीपर्यंत वर आली. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ओ देता आली नाही. मनातल्या मनात दिली.

मी वाचायला शिकले ते रद्दीवर नमुने कापता कापता. त्यामुळे माझ्या डोक्यातल्या बऱ्याच गोष्टी बाहीच्या आकारात कापल्या गेलेल्या, अर्ध्यावर तुटलेल्या. ही मात्र मी घरी आणून शेवटपर्यंत वाचली. पुन्हा पुन्हा वाचली. मग आरशापुढे गेले. कपडे तेच होते, ओघळलेले. पण आत कोणीतरी होतं, ओ देणारं.

मी ह्यांची होते, ते खरंच आहे आणि खरंच राहील. पण ह्यांच्या नजरेत भरायच्या आधीपासून मी येशूची होते, वन्सं. मला ते उशिरा कळलं, एवढंच.

पुढच्या रविवारी सकाळी मी बाप्तिस्मा घेतेय.

पाण्यात उतरणाऱ्यांचे पांढरे झगे शिवायचं काम माझ्याकडेच आलं. सगळ्यांचे तयार झाले. पाळकबाईंनी घड्या मोजल्या आणि विचारलं, "बाई, तुमचा कुठाय?"

"माझं माप नाही."

"अहो, शिंपीण तुम्हीच ना?"

"स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. हात मागे नेला की खांदे हलतात, मग पाठ खोटं बोलते."

"द्या इकडे टेप, मी घेते."

मी नको म्हटलं. का, ते त्यांना सांगितलं नाही. टेप धरायला मला तुम्ही शिकवलंत. आणि हे गेले त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, संध्याकाळपर्यंत तुमचा हात माझ्या पाठीवर होता. तुम्हीही रडत होतात, पण हात काढला नाहीत. ती पाठ तुम्हालाच ठाऊक आहे.

शनिवारी या. तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही. रविवारी पाण्याच्या काठाशी उभं राहायचं की नाही, तेही तुमचं तुम्ही ठरवा. नुसतं माप घ्या आणि घेताना हवं तेवढं बोला मला. नाही आलात तर ह्यांनी शिवलेला जुना झगा घालून उतरेन, सैल आहे तसा. उतरणार हे नक्की. पण कापड मी पसरून ठेवलंय, आणि टेप दाराजवळच्या खिळ्याला आहे, तुम्ही टांगायचात तिथेच.

दाराशी आलात की हाक मारा. या वेळी तोंडात टाचण्या नसतील.

कुणाची कोण हे कळल्यावरही तुमचीच,
सुतळी