शेवटचं कडवं

वरंध, १९८४

गणूदादा,

तुझ्या गायन पार्टीची कॅसेट पोचली. गाणी आपल्या आबांची, म्हणून अख्खी बौद्धवाडी अंगणात जमली. आबांना खाटेसकट बाहेर आणलं. शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं, त्याचीच ते वाट बघत होते. एकाही गाण्यात त्यांचं ‘महादू’ आलं नाय.

“दुसरी बाजू लाव गो,” म्हणाले. तिच्यातही नाय.

कंपनीने वेळेत बसवायला ती कडवी गाळायला सांगितली आणि तू गाळलीस, हे तुझा ढोलकीवालाच सांगून गेला.

आठवड्यात आबा गेले. तुला कळवलं नाय. काल त्यांच्या पुण्यानुमोदनाला पोरांनी तीच कॅसेट लावली. गाणं संपल्यावर आई उठली आणि शेवटचं कडवं एकटीच गायली, बेसूर.

हे पत्र टाकणार नाय. टाकलं तर तू येशील, आणि त्याच गोड गळ्याने रडशील.

नीला